शेतकऱ्याच्या घरचें अंदाजपत्रक

नोकरदाराच्या हातीं दरमहा ठराविक रक्कम पडते. शेतकऱ्याच्या हातीं वर्षांतून एक-दोनदां पैसा येतो, आणि खर्च मात्र बाराही महिने चालतो. सुगींत हात सैल सुटतो व आषाढ-श्रावणांत तोच हात दुसऱ्यापुढें पसरावा लागतो. म्हणून अंदाजपत्रकाची गरज नोकरदारापेक्षां शेतकऱ्यासच अधिक आहे.

लग्नकार्यांतील उधळपट्टीनेंच शेतकरी बुडतो, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु सन १८७५ मध्यें सुपें येथें सावकारांच्या खतांची होळी झाल्यावर जें चौकशी-कमिशन नेमलें गेलें, त्याचें मत निराळें होतें. लग्नखर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. धान्य, बियाणें, बैल व सारा यांसाठीं वरचेवर काढलेल्या लहान रकमांनींच कर्ज फुगतें, असें त्यानें नमूद केलें. यास्तव किरकोळ बाबीही वहींत उतरल्या पाहिजेत.

महसुली वर्ष १ ऑगस्टपासून ३१ जुलैपर्यंत असतें. घरचें वर्ष मात्र मुख्य पिकाच्या विक्रीपासून पुढील विक्रीपर्यंत धरावें. प्रथम कणगीचा हिशेब करावा. माणशीं दरमहा १२ किलो धान्य धरल्यास पांच माणसांस वर्षाला ७२० किलो, म्हणजे सुमारें सव्वासात क्विंटल लागतें. तेवढें धान्य व बियाणें घरीं ठेवूनच उरलेला माल बाजारांत न्यावा. पडत्या भावानें विकलेलें धान्य पुढें चढ्या भावानें विकत घेणें हा दुहेरी तोटा होय.

नंतर पैशाचा हिशेब. समजा, मागील तीन वर्षांत विक्रीचे २,६०,०००, १,८०,००० व २,२०,००० रुपये आले. सरासरी २,२०,००० होते. तथापि अंदाज १,८०,००० रुपयांचाच धरावा, कारण अवर्षण सरासरी पाहून येत नाहीं. त्यांतून पुढील हंगामाचें बियाणें, खत व मजुरी यांस ६०,०००. सारा, पाणीपट्टी व व्याज यांस १२,०००. घरखर्चास दरमहा ६,५०० प्रमाणें ७८,०००. शाळा व औषधपाणी यांस १५,००० रुपये वेगळे काढावे. बेरीज १,६५,००० झाली. राहिलेले १५,००० ही शिल्लक. ती वर्षाअखेर उरेल या आशेवर न राहतां पट्टीचे पैसे हातीं येतील त्याच दिवशीं बाजूस काढावी. चांगल्या वर्षी २,६०,००० आले, तर वरचे ८०,००० खर्चाचे नव्हेत; ती वाईट वर्षाची बेगमी समजावी.

अंगावर खासगी कर्ज असल्यास आजारपणापुरती रक्कम ठेवून आधीं तें फेडावें. दरमहा शेकडा दोन रुपये दरानें काढलेल्या १०,००० रुपयांवर वर्षाला २,४०० रुपये व्याज होतें. एवढें उत्पन्न कोणतीही सुरक्षित ठेव देत नाहीं.

शिल्लक ठेवतांनाही सावधगिरी हवी. सन २०२० पासून बँकेंतील ठेवींस, सहकारी बँका धरून, दर ठेवीदारास एका बँकेमागें पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवींस तें नाहीं. अधिक व्याजाच्या मोहानें सारी पुंजी एकाच पतसंस्थेंत गुंतवूं नये.

महसूल खात्यांतील नोकरींत आम्हीं पाहिलें कीं, जमीन बहुधा एकदम जात नाहीं. आधीं सातबाऱ्याच्या इतर हक्कांत एक लहानसा बोजा चढतो, मग दुसरा, आणि शेवटीं मालकाचें नांवच कमी होतें. तो पहिला बोजा टाळण्याचें काम घरची वही करते. ती घरधनिणीच्या हातीं द्यावी, कारण पीठ, तेल व औषध यांचा खरा खर्च तिलाच ठाऊक असतो. आठवड्याच्या बाजाराहून परतल्यावर उभयतांनीं पाव तास बसून ती लिहावी, व महिनाअखेर अंदाजाशीं ताडून पाहावी. एका बाबींत खर्च वाढला तर दुसऱ्या बाबींत तो आंवरावा. शिल्लकेस मात्र हात लावूं नये.