हाली रुपया आणि हाली नोट

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यांत असतांना तेथून मनमाडला निघालेल्या उतारूला खिशांतला पैसा आधीं पाहून घ्यावा लागे. इकडे चाले हाली रुपया. मनमाडला ब्रिटिश मुलूख लागला कीं कलदार. हाली वजनानें व चांदीनें हलका असल्यानें ७ हालींना ६ कलदार असा साधारण दर पडे. रुपयाची किंमत त्यांतील रुप्यावर असते, हें या भागांतल्या माणसाला असें रोजच्या व्यवहारानें पाठ झालेलें होतें. त्याच माणसाच्या हातीं १९१८ सालीं कागद आला.

कारण चांदीचा दुष्काळ. पहिल्या महायुद्धांत चांदीचा भाव चढत गेला. लंडनला औंसाला ४३ पेन्सच्या वर भाव गेला, कीं कलदार रुपया चालविण्यापेक्षां वितळविणें फायद्याचें ठरे. १९१७ च्या ऑगस्टांत ती मर्यादा ओलांडली गेली. खुद्द हिंदुस्थान सरकारला १ रुपयाची आणि पुढें अडीच रुपयांची नोट काढावी लागली. मग हैदराबादच्या टांकसाळीला चांदी कोठून मिळणार?

तेव्हां निजाम सरकारनें १० व १०० रुपयांच्या नोटा काढल्या. त्या सावकार-व्यापाऱ्यांतच फिरावयाच्या. खरी कसोटी १९१९ च्या १ व ५ रुपयांच्या नोटांची, कारण त्या भाजीबाजारांत जाणाऱ्या. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडींतही त्यांवर किंमत छापली होती. योजना शहाणपणाची, बहुसंख्य रयतेला कोणतीच लिपी वाचतां येत नव्हती, हा भाग निराळा. रयत पाही तें एवढेंच, कीं खजिन्यांत नोटेचे रुपये मिळतात कीं नाहीं. जर्मनींत १९२३ सालीं गांवोगांवच्या नगरपालिकांनीं तातडीच्या नोटा छापल्या. मागें कांहींच नसल्यानें त्यांची रद्दी झाली. हाली नोट मात्र टिकली.

नोटा छापल्या जात विलायतेंत. २० मे १९२२ रोजीं ‘इजिप्त’ ही मुंबईकडे येणारी आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाली. सोन्याचांदीबरोबर निजामाच्या कोऱ्या नोटाही तळाशीं गेल्या. दहा वर्षांनीं पाणबुड्यांनीं सोनें काढलें, तेव्हां नोटाहि वर आल्या. कागद शाबूत होता, पण त्यांवर सही नव्हती; त्यांचा एक पैसाहि होईना. लोकांनीं त्या नवलाची वस्तू म्हणून घेतल्या.

१९४८ सालीं संस्थान भारतांत आलें. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीनें चालूं लागला, आणि १९५९ सालीं हाली चलन कायमचें रद्द झालें.