एक्स्प्लेनर : घरटे टांगले, तरी चिमणी का येत नाही? बीडच्या उन्हात ‘ही’ काळजी घ्या

बीड : २० मार्चचा जागतिक चिमणी दिन जवळ आला की लाकडाची, पुठ्ठ्याची घरटी वाटली जातात आणि त्यांचे फोटो स्टेटसला लागतात. मे उजाडेपर्यंत त्यातली अनेक रिकामीच लटकत असतात. दोष बहुतेक वेळा चिमणीचा नसतो, जागेचा असतो.

हा दिवस २०१०मध्ये सुरू झाला. त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी होती.

चिमणी खरेच संपत चालली आहे का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२०च्या अहवालानुसार देशपातळीवर तिची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. मोबाइल टॉवरवर खापर फोडले जाते, पण त्याचा ठोस पुरावा नाही.

बीडमध्ये बदल डोळ्यांसमोर झाला आहे. जुन्या माळवदाच्या घरात तुळई आणि भिंतीच्या सांध्यात, कोनाड्यात, तसबिरीमागे चिमणीला हक्काची फट मिळायची. स्लॅबच्या घरात प्लास्टरने सगळ्या फटी बुजल्या. मोरांसाठी पाटोदा तालुक्यात नायगावचे अभयारण्य आहे. चिमणीला मात्र अभयारण्य नको, माणसाचे घर लागते. लाकडी पेटी म्हणजे त्या बुजलेल्या फटीची भरपाई.

पेटी कशी हवी?

सगळ्यात महत्त्वाचे माप दाराच्या भोकाचे : ३२ मिलिमीटर. यातून चिमणी आत जाते, साळुंकी जात नाही. भोक तळापासून साधारण १५ सेंटिमीटर वर असावे. बाहेर बसायला दांडी लावू नका; चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र आधार मिळतो. तळाला आणि वरच्या बाजूला हवेसाठी बारीक छिद्रे ठेवा. आतून रंग नको.

पत्र्याचा डबा तर अजिबात नको. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातल्या पत्र्यात पिल्ले भाजून निघतील. लाकडी पेटीही उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीवर, छज्जाच्या सावलीत, ८ ते १० फुटांवर लावा. पंखा आणि मांजराची वाट दोन्ही दूर हवीत. चिमण्या शेजार करून राहतात, त्यामुळे दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तरी चालते.

फक्त दाणे टाकून भागेल का?

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. चिमणी साधारण ३ ते ५ अंडी घालते, सुमारे १२ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढचे दोन आठवडे घरट्यात राहतात. या काळात त्यांना मुख्यतः अळ्या, किडे भरवले जातात. बाजरीची कणसे टांगणे छान, ती मोठ्या चिमण्यांच्या कामाची. पण आसपास सगळीकडे फवारणी असेल तर पिल्लाला काय मिळणार?

म्हणून परसातला एक कोपरा औषधाविना सोडा. बोर, बाभूळ, मेंदीचे कुंपण असेल तर तोडू नका. किडे तिथेच मिळतात आणि लपायलाही जागा होते. थोडी मोकळी माती धूळस्नानासाठी ठेवा. उथळ मातीच्या भांड्यातले पाणी रोज बदला.

पिल्ले असताना पेटी उघडून पाहू नका. ती उडून गेल्यावर जुने गवत काढून टाका. एक हंगाम पेटी रिकामीच गेली तर ती काढून टाकू नका, भिंत बदलून पाहा.