रोजगार मेळावा : विद्यार्थ्याची पूर्वतयारी आणि श्रमबाजाराचे वास्तव

पदवी परीक्षा आणि पहिली नोकरी यांमधील कालखंड आपल्या शिक्षणव्यवस्थेत बराच काळ दुर्लक्षित राहिला. महाविद्यालयाची जबाबदारी निकालापाशी संपते व नियोक्त्याची जबाबदारी नियुक्तिपत्रापासून सुरू होते, अशी समजूत त्यामागे होती. सेवायोजन कार्यालये हा त्यांमधील दुवा मानला जाई. १९५९ च्या कायद्यान्वये आस्थापनांनी रिक्त जागा या कार्यालयांना कळविणे बंधनकारक होते; तथापि तेथूनच उमेदवार घेण्याचे बंधन नव्हते. परिणामी नोंदणीपत्रे वाढत गेली, नेमणुका मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच सुमारास रोजगार मेळाव्यांनाही जोर आला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर आणि मार्च २०२४ मध्ये बारामती येथे नमो महारोजगार मेळावे भरले. उत्तर प्रदेशात असे मेळावे आता वर्षभर कोठे ना कोठे भरत असतात. अशा मेळाव्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती तयारी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात लखनौ शहराच्या संदर्भात केला आहे.

लखनौची निवड सहेतुक आहे. मराठी वाचकास हे शहर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे परिचित असते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास ते राधाकमल मुखर्जी यांच्यामुळे ठाऊक असते. आज मात्र हे शहर प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे आहे. लखनौ विद्यापीठाशी केवळ शहरातीलच नव्हे, तर हरदोई, सीतापूर, रायबरेली व लखीमपूर खीरी या जिल्ह्यांतील महाविद्यालयेही संलग्न आहेत. विद्यापीठ, तंत्रशिक्षण संस्था किंवा अलीगंज येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या आवारात भरणाऱ्या मेळाव्यांना येणाऱ्यांत या जिल्ह्यांतील पहिल्या पिढीच्या पदवीधरांचा भरणा मोठा असतो. राज्य शासन, सचिवालय, रेल्वेची संशोधन संस्था, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना अशी स्थिर नोकरीची प्रतीके या शहरात डोळ्यांसमोर असतात. साहजिकच खासगी नोकरी ही अनेक घरांत ‘तोपर्यंतची सोय’ समजली जाते.

ही समजूत किती महाग पडते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. उत्तर प्रदेश पोलीस दलातील शिपाई पदाच्या ६०,२४४ जागांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे जवळपास ऐंशी. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द करावी लागली आणि ती ऑगस्टमध्ये पुन्हा घेण्यात आली. ते सहा महिने लक्षावधी तरुणांच्या आयुष्यातून वजा झाले. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील एकूण बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता. या तफावतीत वाट पाहणाऱ्यांचा वाटा लहान नसावा, असे माझे मत आहे.

मेळाव्याकडून काय अपेक्षावे?

मेळाव्यात नोकरी मिळते, ही अपेक्षाच प्रथम तपासून घेतली पाहिजे. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबा येथे, २०१४ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २५० संस्था व १,००० उमेदवार निवडून रोजगार मेळाव्यांचा प्रयोग केला. आलेल्या दर दहा संस्थांमागे सुमारे एकच नेमणूक झाली. कारण शोधता असे आढळले, की कमी शिकलेल्या उमेदवारांच्या वेतनाच्या अपेक्षा बाजारभावापेक्षा वरचढ होत्या. आणि आपण देऊ केलेल्या वेतनात कसा उमेदवार मिळेल याविषयी संस्थांच्या कल्पनाही तितक्याच अवास्तव होत्या. मात्र मेळाव्यानंतर कमी शिकलेल्या उमेदवारांनी आपल्या अपेक्षा सुधारल्या, शोध वाढविला आणि पुढे त्यांना तुलनेने चांगली कामे मिळाली. फिलिपाईन्सच्या ग्रामीण भागातील अशाच प्रयोगात मेळाव्यास गेलेल्यांचे संघटित क्षेत्रातील रोजगाराचे प्रमाण दहा महिन्यांनंतर सुमारे दहा टक्क्यांनी अधिक आढळले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. मेळाव्यातून प्रामुख्याने माहिती मिळते; नोकरी मिळाली तर ती पुढे, त्या माहितीच्या आधारे. म्हणूनच विद्यार्थ्याने पहिल्या मेळाव्यास अंतिम वर्षाच्या शेवटी नव्हे, तर दुसऱ्या वर्षीच जावे. त्या वेळी गमावण्यासारखे काही नसते, आणि कोणत्या कामासाठी काय विचारतात हे कळल्यावर ते शिकण्यास वर्ष-दीड वर्ष हाती असते.

पूर्वतयारी

सहभागी आस्थापनांची यादी बहुधा आधी जाहीर होते. त्यांतून पाच-सहा निवडून त्यांचे काम काय, कार्यालय कोठे, जागा कोणत्या, एवढे वाचून जाणारा विद्यार्थी गर्दीतही वेगळा दिसतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांताचा येथे उपयोग होतो. नियोक्त्याला उमेदवाराची खरी क्षमता दिसत नसते. तो खुणांवरून अंदाज बांधतो. जी खूण कमावण्यास कष्ट पडतात, तीच विश्वसनीय ठरते. सर्वांच्या बायोडाटात ‘मेहनती’ व ‘प्रामाणिक’ हे शब्द असतात, म्हणून त्यांना मोल नाही. उलट ‘वडिलांच्या खतांच्या दुकानाचे दोन वर्षांचे हिशेब संगणकावर ठेवले’ हे एक वाक्य बरेच काही सांगून जाते. चिकनकारीच्या व्यवसायात घरी मदत केलेल्या मुली हा अनुभव लिहिण्याचे टाळतात, असे दिसते. मालाची नोंद, कारागिरांचे पैसे, ग्राहकाशी बोलणी हे सर्व व्यवस्थापनाचेच काम आहे, ते लिहावे.

बायोडाटा एका पानाचा असावा. त्याच्या व गुणपत्रिकांच्या आठ-दहा छायाप्रती बरोबर असाव्यात. मूळ कागदपत्रे कोणाच्याही हाती ठेवून येऊ नयेत. पोशाख स्वच्छ असला म्हणजे पुरे. त्यासाठी कर्ज काढून कोट शिवण्याची गरज नाही. इंग्रजीची भीती मात्र खरी असते. तिच्यावर एकच उपाय आहे : स्वतःविषयीची दोन मिनिटे मित्रांसमोर वीस वेळा बोलून पाहणे.

वेतनाचे गणित

दालनावर सांगितला जाणारा वार्षिक आकडा म्हणजे हाती येणारे वेतन नव्हे, ही बाब घरी कोणी संघटित क्षेत्रात नोकरी केलेली नसेल तर ध्यानात येत नाही. समजा, वार्षिक २,४०,००० रुपये सांगितले. म्हणजे मासिक २०,०००. त्यात २,००० रुपये कामगिरीवर अवलंबून असलेला भत्ता आहे आणि भविष्य निर्वाह निधीसाठी धरलेले वेतन १२,००० आहे. नियोक्त्याची १२ टक्के वर्गणी १,४४० रुपये आणि ग्रॅच्युइटीची सुमारे ५७७ रुपयांची तरतूद त्याच २०,००० मध्ये धरलेली असते. कर्मचाऱ्याची १,४४० रुपये वर्गणी वेगळी कापली जाते. म्हणजे खात्रीने हाती येणारी रक्कम साडेचौदा हजारांच्या आसपास. राज्य कामगार विम्याची कपात असल्यास आणखी थोडी कमी. निधीतील रक्कम वाया जात नाही, ती बचतच आहे. परंतु महिन्याचे भाडे तिच्यातून देता येत नाही. नोकरी लखनौतच असेल आणि मुलगा घरी राहणार असेल, तर या रकमेत शिल्लक पडेल. तीच नोकरी नोएडात असेल, तर खोलीभाडे, जेवण व प्रवास यांतच ती संपण्याचा संभव आहे. सीतापूरच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाने हा हिशेब मेळाव्याच्या आदल्या रात्री कागदावर मांडला, तर दुसऱ्या दिवशीचा होकार किंवा नकार विचारपूर्वक होईल.

दालनावर चार प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. वेतन कोण देणार, समोरची कंपनी की मनुष्यबळ पुरविणारा कंत्राटदार? कामाचे ठिकाण कोणते? निश्चित वेतन किती आणि बदलते किती? करारात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट आहे काय व ती मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? हे प्रश्न विचारल्याने संधी जाईल, अशी भीती अनाठायी आहे. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश अशा कोणत्याही नावाखाली नेमणुकीपूर्वी पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. तोंडी आश्वासनावर गाव सोडू नये.

ज्यांना लगेच नोकरी मिळत नाही, त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे आणि तो मेळाव्यांत पुरेसा सांगितला जात नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले. २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांच्या पदवीधरांसाठीही दार उघडले. उत्तर विभागाचे प्रशिक्षण मंडळ लखनौपासून जवळच, कानपूर येथे आहे. कला शाखेच्या पदवीधराला विद्यावेतनासह वर्षभराचा अनुभव मिळणे, ही नियोक्त्यासाठी पदवीइतकीच बोलकी खूण ठरते.

मेळाव्यानंतरचा आठवडा बहुतेक जण वाया घालवितात. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांची नावे, पदे व त्यांनी सांगितलेल्या अटी त्याच संध्याकाळी वहीत उतरवाव्यात आणि तीन-चार दिवसांत त्यांना एक लहान पत्र पाठवावे. महाविद्यालयांनीही आपली नोंद ठेवली पाहिजे. ‘इतक्या विद्यार्थ्यांची निवड झाली’ एवढेच मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी जाहीर होते. त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले आणि सहा महिन्यांनंतर किती टिकले, हे क्वचितच कोणी विचारते. प्रत्येक विभागातील एका प्राध्यापकाने आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून ही माहिती गोळा करावी आणि पुढील तुकडीसाठी ती सूचना फलकावर लावावी. त्याला खर्च जवळजवळ नाही.