सुट्टीतले फुटबॉल शिबिर : सकाळचे दोन तास आणि त्यातला हिशोब

शाळांना सुट्टी लागली की आपल्या समाजातील मुलांसमोर साधारणपणे दोनच वाटा असतात. एक बापाच्या दुकानाची, दुसरी गल्लीची. दोंडाईच्यासारख्या गावात तिसरी वाट फारशी दिसत नाही. शिंप्याचा मुलगा काज-बटणाला बसतो, सायकलवाल्याचा मुलगा पंक्चर काढतो, आम्हा कापडवाल्यांची मुले थान उचलतात आणि गिऱ्हाईक गेल्यावर पसरलेल्या मालाच्या घड्या घालतात. कायद्याचीही याला आडकाठी नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली; मात्र शाळा सुटल्यावर व सुट्टीच्या दिवसांत घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात हातभार लावण्याची मोकळीक ठेवली. तेव्हा उद्या कोणी आपल्या गावात मुलांचे फुटबॉल शिबिर काढायचे म्हटले, तर त्याची खरी स्पर्धा दुसऱ्या शिबिराशी नाही, बापाच्या दुकानाशी आहे. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या धंद्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

होय, हा धंदाच आहे, आणि व्यापाराच्या पानावर त्याविषयी लिहिण्याचे कारणही तेच.

इंग्लंडमध्ये हा व्यवसाय चांगलाच रुजलेला आहे. तिथे सुट्टीत आई आणि बाप दोघेही कामावर जातात, घरी मुलांना सांभाळणारे कोणी नसते. मग सकाळी मुलाला मैदानावर सोडायचे आणि दुपारी घेऊन जायचे. फीमध्ये खेळ शिकवण्याबरोबर मुलाला सांभाळण्याचे पैसेही आलेच. काही कंपन्या आपले नाव, शिकवण्याचा क्रम आणि गणवेश देतात व एकेक इलाखा स्थानिक माणसाला ठरलेल्या रकमेवर चालवायला देतात, जशी आपल्याकडे एजन्सी दिली जाते. गरिबांची मुले या सुट्टीच्या बाजारातून बाहेर पडू नयेत म्हणून तिथल्या सरकारने २०२१ पासून देशभर एक योजना लागू केली आहे. ज्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळते त्यांना सुट्टीतही खेळ व जेवण मिळावे, यासाठी सरकार स्थानिक संस्थांना पैसे देते. मोठ्या सुट्टीत गरीब घरातल्या मुलाचे खाणे आणि खेळणे दोन्ही तुटते, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात युरोपातील नामांकित क्लबांच्या नावाने शिबिरे भरतात. त्यांची फी आपल्या कारागिराला झेपणारी नाही, आणि त्यांची नक्कल करण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात फुटबॉल गरिबांच्या वस्तीतूनच वाढला आहे. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे आजही शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात. (तालीम म्हणजे शिक्षण हे उर्दू शाळेत शिकलेल्याला सांगावे लागत नाही. मराठीने तो शब्द आखाड्यात नेला आणि आखाड्याने मैदानात.) त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. विदर्भात कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावे फुटबॉलच्या शौकिनांना ठाऊक आहेत. नागपुरातच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि २००१ पासून त्या मुलांना चेंडू व मैदान देण्याचे काम सुरू केले. पुढे ते 'स्लम सॉकर' या नावाने जगापुढे गेले, आणि २०२२ साली त्यावर 'झुंड' हा सिनेमा आला. व्यापाऱ्याने त्या कामातली एक गोष्ट टिपून ठेवावी. तिथे खेळायला आलेल्या मुलांतूनच पुढचे शिकवणारे तयार झाले. माल बाहेरून आणावा लागला नाही.

शिकवणारा हाच खरा माल

२०१७ साली विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने १५ सप्टेंबरला दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम घेतला व शाळाशाळांतून चेंडू वाटले. कार्यक्रम चांगला होता. परंतु चेंडूच्या मागोमाग शिकवणारा पोहोचला नाही, तर तो चेंडू हवा गेलेल्या अवस्थेत कपाटात पडून राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

शिकवणारा काय करू शकतो याचे मोठे उदाहरण हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शाळामास्तर होते. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्याच देखरेखीखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये 'मैदान' सिनेमा आला तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. मात्र सिनेमात मावणार नाही अशी त्यांची एक कामगिरी आपल्या विषयाच्या जवळची आहे. पोरांसाठी ते निराळ्याच स्पर्धा भरवीत. एखादी अशी की चेंडू पायाशी खेळवत न्यायचाच नाही, लगेच साथीदाराला द्यायचा. एखादी अशी की फक्त दुबळ्या पायाने मारायचे. खर्च शून्य. डोके मात्र उस्तादाचे.

म्हणून मुलाला शिबिरात घालणाऱ्या बापाने टी-शर्टचा रंग पाहण्याआधी शिकवणाऱ्याचा दाखला मागावा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ प्रशिक्षकांसाठी डी, सी, बी, ए अशा पायऱ्यांचे परवाने देतो. 'डी' हा त्यातला सुरुवातीचा. वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणाला काही दिवसांचा कोर्स करून तो मिळवता येतो. आपल्या गावात बी. पी. एड. करून शाळेतल्या जागेची वाट पाहत बसलेले तरुण आहेत. त्यांनी जिल्हा फुटबॉल संघटनेमार्फत किंवा राज्याची जी संघटना आहे, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्याकडे या कोर्सची चौकशी करावी. नोकरी लागेपर्यंत हा हुन्नर हाताशी राहील, लागल्यावरही वाया जाणार नाही.

दुसरी सावधगिरी. मुलाला मोठ्या क्लबात किंवा परदेशात खेळवू असे सांगून 'निवड चाचणी'चे पैसे मागणारे लोक फिरत असतात. त्यांना दारातूनच सलाम करावा. शिबिरातून खेळाडू घडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. जो देतो तो खोटे बोलतो. शाळेच्या स्पर्धांतून पुढे गेलेल्या मुलाला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि पात्र खेळाडूंसाठी राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, हे फायदे खरे आहेत; पण तेही पुष्कळ पुढचे. दहा वर्षांच्या पोराला महिनाभरात मिळते ते म्हणजे दमसास, वेळेवर उठण्याची सवय, आणि हरल्यावर समोरच्याशी हात मिळवण्याची रीत.

मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवणारी बाई ठेवली तर आपल्याकडचे पालकही पाठवतील असे मला वाटते. शिबिर मुलांचे असो वा मुलींचे, कोणताही शिक्षक एकट्या मुलाला घेऊन बाजूला जाणार नाही आणि पालकाला केव्हाही मैदानावर येऊन बसता येईल, हे दोन नियम पहिल्या दिवशीच लिहून लावावेत.

आता हिशोब

आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, आपापल्या गावाचा भाव लावून घ्यावा. समजा ४० मुले, चार आठवडे, फी ६०० रुपये. जमा २४,००० रुपये. मुख्य शिक्षकाला १०,००० व दोन मदतनीसांना प्रत्येकी ३,००० धरले तर १६,००० झाले. पाणी, बर्फ, मलमपट्टी, छपाई मिळून २,०००. म्हणजे चालू खर्च १८,०००. दोन मुलांमागे एक असे २० चेंडू ३५० च्या भावाने ७,००० आणि खुणेचे कोन, पंप, बिब वगैरे २,०००, मिळून ९,००० रुपयांचा टिकाऊ माल. पहिल्या सुट्टीत खर्च २७,००० म्हणजे ३,००० चा तोटा. दुसऱ्या सुट्टीत टिकाऊ माल घरचाच, तेव्हा ६,००० शिल्लक. वर्षाकाठी दोन शिबिरे धरली तर पहिल्या वर्षी ३,००० सुटतात. श्रीमंत होण्याचा हा धंदा नव्हे, पण तीन घरांत १६,००० रुपये मजुरी गेली हे विसरू नये.

आता यातली दहा मुले फी न देणारी घेतली की दुसऱ्या सुट्टीची शिल्लक बरोबर शून्यावर येते. इंग्लंडात ही जागा सरकारने भरली. आपल्याकडे बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी प्रत्येकी ६०० रुपये दिले तर प्रश्न सुटतो. बदल्यात बिबच्या पाठीवर दुकानाचे नाव छापावे. हा दानधर्म नको असेल तर जाहिरात समजा. दिवाळी अंकातल्या चौकटीपेक्षा ती जास्त दिवस फिरते.

बापाच्या दुकानाचा प्रश्न वेळेने सुटतो. शिबिर सकाळी सहा ते आठ. दुकान उघडते दहाला. मुलगा घरी येऊन नाश्ता करून थान उचलायला हजर. आपल्याकडचे ऊनही आठनंतर मुलांना मैदानावर राहू देत नाही.

कापड आणि चेंडू

जर्सीचे कापड हे पॉलिस्टरचे निट असते, ताना-बाना नसलेले, सुईच्या फासांचे. त्यामुळे मालेगावच्या यंत्रमागावर ते निघत नाही; सुरत किंवा लुधियानाहून येते आणि मीटरवर नव्हे, किलोवर विकले जाते. १६० जीएसएमचे, साठ इंची पन्ह्याचे कापड किलोमागे चार मीटरच्या आसपास भरते. त्यात दहा वर्षांच्या मुलाच्या पाच-सहा जर्सी बसतात, कटिंग चांगले असेल तर सहा. शिवताना बॉल पॉइंट सुई व पॉलिस्टर धागा वापरावा आणि शिवण ओव्हरलॉकवर घ्यावी. साध्या सुईने फास तुटतो आणि दुसऱ्या धुण्याला जर्सीची जाळी होते. बिब म्हणजे संघ ओळखायची बिनबाह्यांची जाळीची बंडी. ती कोणताही शिंपी शिवू शकतो, आणि प्रत्येक शिबिराला दोन रंगांत लागते. शाळांच्या गणवेशाचे काम जूनमध्ये संपल्यावर मोकळ्या पडणाऱ्या मशिनींना हे काम बरे आहे.

चेंडू जालंधर किंवा मेरठचा. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले, तेव्हापासून तिथे ही कारागिरी आहे. बत्तीस तुकड्यांचा हाती शिवलेला चेंडू, वीस षट्कोन व बारा पंचकोन, हे अवघड काम आहे. खुद्द सियालकोटच्या खेड्यांत ते मुलांकडून करून घेतले जाई. त्यावर जगभर ओरड झाली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटा येथे मुलांना या कामातून काढण्याचा करार झाला. दोन्हीकडे चेंडूच, एकीकडे पोराच्या हातात, दुसरीकडे पायात. घेताना मात्र आकडा पाहावा. आठ वर्षांखालच्या मुलांना ३ नंबर, बारापर्यंत ४, त्यापुढे ५ नंबर. दुकानदार सरसकट ५ नंबर देतो, त्याने लहान मुलाचा पाय दुखतो आणि पोरगे चेंडूला घाबरायला शिकते.

आपल्या काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडतात, पाय मुरगळतो. म्हणून मुरमाचे मैदान निवडावे, नाहीतर शिबिर दिवाळीच्या सुट्टीत घ्यावे. माझे मत दिवाळीचे. हवा चांगली असते, आणि त्याच सुमारास दोंडाईचा-नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीची आवक वाढू लागते. घरातली मोठी माणसे कामात, मूल सकाळी मैदानावर असलेले बरेच. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तारीख धरताना तेवढे पाहून घ्यावे.

दिवाळीचे शिबिर करायचे तर कापडाची ऑर्डर ऑगस्टमध्ये द्यावी, नंतर सुरतेचा बाजार सणाच्या मालात गुंततो. मैदान नगरपरिषदेचे किंवा शाळेचे असेल तर परवानगीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा, आणि त्यात वेळ सकाळी सहा ते आठ अशी स्पष्ट लिहावी.