विश्लेषण : सिकलसेलचे जनुक नष्ट का झाले नाही?

नाशिकसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. यात रक्तातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि आजार जीवघेणाही ठरू शकतो. मग हे जनुक टिकले कसे?

हिवतापाशी संबंध काय?
आई-वडील दोघांकडून हे जनुक आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती केवळ ‘वाहक’ असते. वाहकाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी सहज वाढत नाही. त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशात वाहक मुले जास्त जगली आणि जनुक पुढच्या पिढीत गेले. हीच नैसर्गिक निवड. अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून १९५४ मध्ये हा संबंध मांडला.

आज काळजी कोणती?
हिवतापावर आता औषधे आहेत. जनुक मात्र कायम आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी पत्रिकेइतकीच रक्ततपासणीही महत्त्वाची. केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही.