गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, पण जुन्या लिंकचं काय?
१ नोव्हेंबर २०१४ पासून गुलबर्ग्याचं अधिकृत नाव कलबुर्गी आहे. वेबसाइटच्या लिंकमध्ये जुनं नाव असेल, तर वाचकाला नव्या पत्त्यावर वळवावं लागतं. जावाच्या ‘स्ट्रट्स २’मध्ये हा पत्ता ऐनवेळी ठरवता येतो. रीडायरेक्ट भलतीकडेच जात असेल, तर आधी अॅक्शन क्लास बघा. पत्त्यासाठी वापरलेल्या नावाची पब्लिक गेटर मेथड नसेल, तर ती जागा रिकामीच राहते. बदल कायमचा आहे, म्हणून आपोआप जाणाऱ्या ३०२ ऐवजी ३०१ कोड द्या. पण सरसकट शब्द बदलू नका. गुलबर्गा विद्यापीठाचं नाव तेच आहे. नवा पत्ता स्वतःच्या यादीतूनच घ्या. लिंकमध्ये आलेला पत्ता तसाच वापरलात, तर तुमच्या साइटच्या नावावर कुणीही वाचकाला फसव्या पानावर नेऊ शकेल.