आठ स्टेशनांची रेषा

मुलांनो, सुडोकू तर तुम्ही सोडवलं असेलच. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकटीत १ ते ९ अंक एकेकदाच! अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स यांचं हे कोडं १९७९ साली छापून आलं. १९८४ मध्ये ते जपानात पोचलं आणि तिथेच त्याला 'सुडोकू' हे नाव मिळालं. २०१७ साली तर त्याची जागतिक स्पर्धा आपल्या बंगळूरूला झाली.

आता या घरांमधून रेषाही धावू लागल्यात. प्रत्येक रेषेचा कायदा निराळा. माझी लाडकी आहे 'जर्मन कुजबुज'. रेषेवरच्या शेजारी-शेजारी अंकांत निदान ५ चा फरक हवा, बस्स!

नवी मुंबईतल्या माझ्या चौथीच्या वर्गाला मी हे रेल्वेच्या भाषेत सांगितलं. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ... एका स्टेशनावर ३ असेल, तर पुढच्यावर ८ किंवा ९ च. आणि ५ ला या गाडीत जागाच नाही! ५ मिळवले तर १०, वजा केले तर ०. दोन्ही आपल्या अंकांत नाहीत.

मग फळ्यावर नऊ घरांची एक चौकट काढली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून, घड्याळाच्या काट्यांसारखी फिरून, मधल्या ओळीच्या डाव्या घरात थांबणारी रेषा काढली. कडेची आठही घरं रेषेवर, मधलं तेवढं मोकळं. पहिल्या घरात ४ लिहिला. आणखी दोन-तीन अंक द्यायचे होते, तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली.

"अर्धवट राहिलंय रे, उद्या बघू," मी म्हटलं.

सुट्टीनंतर एक मुलगी वही घेऊन आली. "बाई, झालं."

हिचे पाढे कच्चे. "हिला गणित काही जमायचं नाही," असं तिची आई पालकसभेत म्हणाली, तेव्हा मीसुद्धा मान डोलावली होती. मी वही न बघताच विचारलं, "अंदाजाने भरलंस ना?"

"नाही बाई. ४ च्या शेजारी फक्त ९ चालतो. ६ च्या शेजारी फक्त १. मधल्या स्टेशनाला दोन शेजारी लागतात, म्हणून ६ शेवटीच. ३ ला ८ आणि ९ दोन्ही हवेत. ७ ला १ आणि २."

४, ९, ३, ८, २, ७, १, ६. मोकळ्या घरात ५.

मी फळ्यावर एकेक वजाबाकी केली. ५, ६, ५, ६, ५, ६, ५. एका अंकावर आख्खी चौकट भरली होती! आणि मी तिला अर्धवट म्हणत होते.

मग तो ४ सुद्धा पुसला. "आता किती उत्तरं?"

तिने दोन बोटं वर केली.

संध्याकाळी गेटपाशी मी तिच्या आईला ते पान दाखवलं. आईने पिशवी खाली ठेवली, लेकीकडून पेन्सिल घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या दुसरं उत्तर शोधू लागली. तुम्हीही शोधा बघू!